हेद विन, काळ्या खुर्चीचा मेंढपाळ कवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेल्समधल्या या कवीची गोष्ट तीन वाक्यांत सांगून होते. मेंढपाळ होता, पहिल्या महायुद्धात मारला गेला, आणि मेल्यावर त्याला देशातलं सगळ्यात मोठं काव्यपारितोषिक मिळालं. ऐकणारा हळहळतो, मग प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एका जागी लिहून ठेवावीत असं वाटलं. एक आधीच सांगतो. मला स्वतःला काळ्या खुर्चीपेक्षा, म्हणजे त्या पारितोषिकापेक्षा, तिच्या आधीची तीस वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत आणि काही दोन ओळींत उरकलीत.

हेद विन म्हणजे नक्की कोण?

मूळ नाव एलिस हम्फ्री एव्हान्स. जन्म १३ जानेवारी १८८७, उत्तर वेल्समधल्या त्राउसव्हनिद या गावी. मृत्यू ३१ जुलै १९१७, बेल्जियममध्ये, ईप्र शहराजवळच्या पिल्केम टेकडीवर. वय तीस. सैन्यातला हुद्दा प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई. कविता सगळी वेल्श भाषेत.

हे नाव उच्चारायचं कसं? आणि त्याचा अर्थ काय?

'हेद विन'. 'हेद'मधला 'द' जिभेचं टोक दातांना हलकेच लावून, वारा सोडत म्हणायचा. इंग्रजी वळणाने 'हेड वाइन' म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. वेल्श नावं लिहायला देवनागरी खरं तर बरी पडते. त्यांचा एक श्वास सोडून म्हटलेला 'र' आहे, त्याला आपला 'ऱ्ह' जवळपास चालून जातो. ही सोय इंग्रजांकडे नाही.

'हेद' म्हणजे शांती. 'विन' हे 'ग्विन'चं रूप. त्याचा अर्थ पांढरा, आणि पवित्रसुद्धा. १९१० साली ब्लायनाय फेस्टिनियॉग इथे कवींच्या मेळाव्यात ब्रिव्हदिर नावाच्या ज्येष्ठ कवीने त्याला हे टोपणनाव दिलं. डोंगरातल्या धुक्यातून खाली खोऱ्यात झिरपणारं ऊन या नावामागे होतं असं सांगतात. म्हणजे 'शांती' हे नाव युद्धाच्या चार वर्षं आधीचं, हवापाण्यावरून पडलेलं. पुढे युद्धाने त्याला भलताच अर्थ चिकटवला. त्याने शांततेचा पुरस्कार म्हणून हे नाव घेतलं असं कुणी सांगू लागलं, तर तारीख दाखवा.

शेतकरी म्हणजे कसला शेतकरी? घरी जमीन किती?

१६८ एकर. आकडा ऐकून आपल्याकडे लोक चमकतात; एवढ्या जमिनीचा मालक म्हणजे जमीनदारच की! पण ही जमीन डोंगराची. खडक, पाणथळ, खुरटी झुडपं, कोंडलेलं धुकं, आणि पाऊस तर पाचवीला पुजलेला. पीक असं फारसं निघत नाही. मेंढ्या राखायच्या आणि हिवाळ्यासाठी जनावरांना गवत कापून, वाळवून साठवायचं, हीच इथली शेती. पावसाने दडी मारली म्हणून आपला शेतकरी रडतो. तिथला शेतकरी गवत वाळायला चार दिवस उघडीप मिळेना म्हणून रडतो.

या शेताचं नाव 'अर अस्गुर्न'. एलिस काही महिन्यांचा असताना कुटुंब इथे राहायला आलं. अकरा भावंडांत हा थोरला. चौदा-पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि मेंढ्या गळ्यात पडल्या. मधे १९०८ साली तीनेक महिने तो दक्षिण वेल्समध्ये आबेरकननच्या कोळसा पट्ट्यात काम करून आला, तेवढंच काय ते घर सोडणं. बाकी सगळं आयुष्य याच एका डोंगरावर.

तो मेंढपाळ म्हणून कसा होता? घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आठवणी ऐकल्या तर यथातथाच. हातात पुस्तक, डोक्यात ओळ, आणि मेंढ्या भलतीकडेच. पण बापाने त्याबद्दल आदळआपट केली नाही, आणि हे मला त्या घराबद्दल सगळ्यात मोठं वाटतं.

धड शाळाही न शिकलेला माणूस एवढा मोठा कवी कसा झाला?

या प्रश्नात एक गृहीत आहे: कविता शाळेत शिकतात. वेल्समध्ये त्या काळी कविता चुलीशेजारी, प्रार्थनामंदिरात, लोहाराच्या भट्टीपाशी शिकत. एलिसचे वडील इव्हान स्वतः गावपातळीवरचे कवी. पोरगा अकराएक वर्षांचा असताना त्यांनी त्याला छंदशास्त्राचं पुस्तक आणून दिलं, आणि त्याच वयात त्याने लिहायला सुरुवात केली.

ते छंदशास्त्र भलतंच कडक आहे. त्याला 'कंगहानेद' म्हणतात. शब्दाचा अर्थ सुसंवाद. आपल्याकडे वृत्तात मात्रा मोजतात, गण पाडतात, शेवटी यमक जुळवतात. कंगहानेदमध्ये ओळीच्या आतच व्यंजनांचा हिशेब चुकता करावा लागतो. त्याच्या एका प्रकारात ओळीचे दोन भाग पडतात, आणि पहिल्या भागातली व्यंजनं त्याच क्रमाने दुसऱ्या भागात पुन्हा यावी लागतात. स्वर मात्र बदलायचे. मराठीत करून पाहायचं तर असं काहीतरी:

काळ सरे, कळ सुरू.

पहिल्या भागात क-ळ-स-र, दुसऱ्यातही क-ळ-स-र, स्वर वेगळे. ही एक चार व्यंजनांची ओळ जुळवायला मला अर्धी दुपार लागली. आता असं शेकडो ओळींचं काव्य लिहायचं, आघात जागच्या जागी बसवायचे, यमकंही सांभाळायची, आणि वर त्याला अर्थ हवा, भाव हवा. अनुप्रास म्हणून आपण जो दागिना अधूनमधून घालतो, तो त्यांच्याकडे ओळीचा सांगाडाच असतो.

वेल्शमधला एक खरा नमुना. हेद विन गेल्यावर आर. विल्यम्स पॅरी या कवीने त्याच्यावर स्मरणकविता लिहिली. तिची पहिली ओळ कानाला अशी लागते: 'अ बार्द त्रुम दान ब्रिद त्रामोर'. अर्थ, परक्या मातीखालचा जड, दुःखी कवी. 'बार्द त्रुम' आणि 'ब्रिद त्रामो' शेजारी ठेवून पाहा: ब-र-द-त-र-म, ब-र-द-त-र-म. मधला 'दान' म्हणजे 'खाली' हा शब्द दोन्ही भागांना जोडणारा पूल. पूल चालतो, तो एक मान्य प्रकार आहे.

हे सगळं एलिस मेंढ्यांमागे हिंडत डोक्यात जुळवत असे. कागद नंतर. हिंडताना जुळवण्यासाठीच जणू हा छंद बनलाय, कारण तो आधी कानात बसतो.

आयस्तेदवोद काय प्रकार आहे? आणि बक्षीस म्हणून खुर्ची का?

आयस्तेदवोद म्हणजे कविता, गाणं, वाद्य, पाठांतर यांचा स्पर्धात्मक मेळा. गावोगावी लहान लहान होतात आणि वर्षातून एकदा राष्ट्रीय मेळा भरतो. परंपरेचा पहिला दाखला ११७६ सालचा, कार्डिगनच्या किल्ल्यातला. कडक छंदातलं दीर्घकाव्य, ज्याला 'आउदल' म्हणतात, ते सर्वोत्तम लिहिणाऱ्याला खुर्ची मिळते. मुक्त वळणाच्या कवितेला मुकुट.

खुर्ची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजकारण येतं. तिथे ती खरोखरची, सुताराने घडवलेली, कोरीव काम केलेली लाकडी खुर्ची असते, आणि जिंकलेला कवी ती घरी नेऊन बैठकीच्या खोलीत मांडतो. जुन्या राजदरबारात कवीला बसायला मानाची जागा असे, तिची ही आठवण.

स्पर्धेत नाव द्यायचं नसतं. कविता टोपणनावाने पाठवायची. निकालाच्या दिवशी व्यासपीठावरून टोपणनाव पुकारलं जातं, आणि हजारोंच्या गर्दीत एक माणूस उठून उभा राहतो. तोवर शेजारच्या खुर्चीवरच्यालाही पत्ता नसतो. पुढचं नाट्य समजायला हा नियम लक्षात ठेवा.

मेल्यावर मिळालेली खुर्ची हीच त्याची पहिली?

नाही, सहावी. पहिली १९०७ साली बाला गावी, विसाव्या वर्षी. मग १९१३ मध्ये पुल्हेली आणि ल्हानिउख्ल्हिन, १९१५ मध्ये पुन्हा ल्हानिउख्ल्हिन आणि पॉन्टरदावे. राष्ट्रीय पातळीवर १९१६ साली आबेरिस्टविथच्या मेळ्यात तो दुसरा आला होता, म्हणजे अगदी हाताशी येऊन हुकलं होतं. युद्धाने एका अडाणी पोराला रातोरात कवी केलं, असा जो सूर लागतो त्याला यात जागा नाही. १९१७ला जिंकणारा माणूस मुरलेला स्पर्धक होता आणि खुर्चीमागे हट्टाने लागलेला होता.

तो युद्धाच्या विरोधात होता ना? मग सैन्यात गेलाच कसा?

स्वतःहून नाही गेला. १९१४मध्ये युद्ध पेटल्यावर गावातली कैक पोरं भरती झाली. हा घरीच राहिला. जानेवारी १९१६मध्ये ब्रिटनमध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला आणि १८ ते ४१ वयाचे अविवाहित पुरुष त्यात ओढले गेले. शेतीकामाला सूट मिळू शकत होती, कारण देशाला अन्न हवं होतं. पण एका शेतावर एवढी तरणी मुलं कशाला, असा सवाल होताच. अर अस्गुर्नमधून एकाने जायचं ठरलं. धाकटा भाऊ बॉब वयात येत होता. एलिस म्हणाला, मी जातो.

युद्धविरोधाची बाजू मांडणारे या ठिकाणी थांबतात. मला वाटतं, थोडं पुढे जायला हवं. त्याच्या कवितेत युद्धाबद्दल खोल किळस आहे यात शंका नाही. पण लढाईत पडलेल्या गावच्या मित्रांवर त्याने लिहिलंय, आणि त्या कवितांत पोरांच्या बलिदानाचा मान राखलाय. त्यातली एक चार ओळींची तर वेल्समध्ये स्मारकांवर कोरली जाते. तिचा भाव असा: त्याचं बलिदान वाया जाणार नाही, त्याचा लाडका चेहरा विसरला जाणार नाही, जर्मनीने आपली पोलादी मूठ त्याच्या रक्तात बुडवली तरी. हे काही कट्टर शांतिवाद्याचं लिखाण नव्हे. ओळखीच्या घरातला मुलगा गेल्यावर गावातला कवी जे लिहील, ते आहे हे.

सैन्यात काय केलं त्याने?

१९१७च्या सुरुवातीला लिव्हरपूलजवळच्या लिदरलंड छावणीत प्रशिक्षण, मग रॉयल वेल्श फ्युझिलियर्सच्या १५व्या बटालियनमध्ये नेमणूक. ही ३८व्या वेल्श डिव्हिजनमधली बटालियन. याच रेजिमेंटमध्ये सिगफ्रीड ससून आणि रॉबर्ट ग्रेव्हज होते, पण ते अधिकारी. कवी आणि चित्रकार डेव्हिड जोन्स तर याच बटालियनमधला. इंग्रजी युद्धकवितेच्या संग्रहांतून या नावांची ओळख होते. त्याच पंगतीत बसलेला हा वेल्श शिपाई मात्र भाषेमुळे वगळला जातो.

जिंकणारी कविता खंदकात लिहिली, हे खरं का?

अर्धं खरं. बरीचशी घरी लिहिली.

मार्च १९१७मध्ये सरकारने शेतीचा अनुभव असलेल्या शिपायांना नांगरणीच्या हंगामासाठी तात्पुरतं सोडलं. एलिसला सात आठवडे मिळाले. त्या वर्षी पाऊस हटत नव्हता, आणि पाऊस म्हणजे घरात बसायला सबब. 'अर आरुर', म्हणजे 'वीर', हे दीर्घकाव्य स्वयंपाकघरातल्या टेबलावर आकाराला आलं.

पुढचा प्रसंग एलिसचे भाचे जेराल्ड विल्यम्स यांनी घरात ऐकला तसा सांगितलाय. कविता पुरी होईना म्हणून एलिस रजेपेक्षा काही दिवस जास्त राहिला. मग दोन माणसं त्याला घ्यायला आली. तो गवताच्या शेतात काम करत होता. तिथूनच त्याला उचललं, ब्लायनायच्या कोठडीत नेलं आणि तिथून थेट आघाडीकडे. गडबड एवढी की कविता टेबलावरच राहिली. मग वाटेत त्याने ती सगळी आठवून पुन्हा उतरवली. म्हणूनच तिच्या दोन हस्तलिखित प्रती आहेत, एक आबेरिस्टविथला आणि एक बँगोरला.

कंगहानेद मेंढ्यांमागे हिंडताना कानात बसते असं वर म्हटलं, त्याचा हा पुरावा. कागद राहिला घरी, कविता बरोबर गेली.

जूनमध्ये तो फ्रान्सला पोचला. रुआँच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की हवा जड, जीव जड आणि काळीजही जड. हे त्रिकूट काही सुखाचं नाही. त्याच पत्रात फ्रान्सच्या झाडांचं कौतुकही आहे, जुन्या राजांच्या स्वप्नांइतकी सुंदर झाडं म्हणून. जुलैच्या मध्यावर फ्लेशँ या गावातून कविता टपालात पडली. टोपणनाव, 'फ्लर-द-लिस'.

'अर आरुर' कविता कशाबद्दल आहे? खरंच एवढी चांगली आहे का?

चार भागांचं रूपककाव्य आहे. मुख्य पात्रं दोन: वादळांची कन्या आणि वीर. कन्येत प्रेम, निसर्गाचं सौंदर्य, सर्जनाची शक्ती पाहतात. वीरात चांगुलपणा आणि न्याय. वीराच्या त्यागातून नवं जग उगवेल अशी दिशा. ग्रीक पुराणकथेतल्या प्रोमिथियसची छाया आहे, इंग्रजी कवी शेलीची आहे, ख्रिस्ताचीही आहे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर कविता अवघड आहे, आणि भाषांतरातून तर हाती फार थोडं लागतं, कारण तिचा अर्धा जीव व्यंजनांच्या त्या जुळणीत आहे. परीक्षकांनाही ती जागोजागी दुर्बोध वाटली होती. तरी बाकीच्यांपेक्षा ती वरचढ ठरली. मला स्वतःला त्याच्या लहान कविता जास्त भिडतात. खुर्ची दीर्घकाव्याला मिळते, पण गावाच्या ओठांवर चार ओळीच राहतात.

तो मारला गेला कसा?

३१ जुलै १९१७ला पहाटे ३ वाजून ५० मिनिटांनी ईप्रची तिसरी लढाई सुरू झाली, जी पुढे पासेनडाल या नावाने कुप्रसिद्ध झाली. पहिल्याच दिवशी वेल्श डिव्हिजनने कालवा ओलांडून पिल्केम टेकडीवर चढाई केली.

सायमन जोन्स नावाचा शिपाई त्याच्या मागोमाग चालत होता. १९७५ साली, म्हातारपणी, सेंट फॅगन्सच्या संग्रहालयासाठी त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित झाली. ते म्हणतात की आपण हेद विनसोबत होतो असं सांगणारे पुष्कळ ऐकलेत, पण मी खरोखर होतो. तोफगोळ्याचं टोपण त्याच्या पोटात लागलं. तो गुडघ्यांवर पडला आणि त्याने दोन्ही मुठींत माती घट्ट धरली. त्याच्या मदतीला थांबता आलं नाही. चढाई चालू असताना जखमीसाठी थांबणं नियमाविरुद्ध होतं, मागून स्ट्रेचरवाले येत होते. त्याला प्रथमोपचार केंद्रात नेलं तेव्हा शुद्ध होती. मी वाचेन का, असं त्याने डॉक्टरला विचारलं म्हणतात. सकाळी अकराच्या सुमारास तो गेला.

दुपारनंतर पाऊस लागला. पुढे ती लढाई चिखलासाठीच लक्षात राहिली.

खुर्ची काळी का?

ती मुळात काळी नाही. ओकच्या लाकडाची आहे.

त्या वर्षीचा राष्ट्रीय मेळा बर्कनहेडला होता, वेल्श लोक त्याला पेनबेदू म्हणतात. गाव इंग्लंडमधलं, लिव्हरपूलच्या समोर नदीपलीकडे, पण त्या भागात वेल्श वस्ती मोठी. दिवस ६ सप्टेंबर १९१७, गुरुवार. टी. ग्विन जोन्स, जे. जे. विल्यम्स आणि डिव्हेद हे तीन परीक्षक. निकाल वाचला गेला, 'फ्लर-द-लिस' हे नाव पुकारलं, तुतारी वाजली. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. कुणी नाही.

घरी तार २४ ऑगस्टलाच आली होती. व्यासपीठावरच्या जाणत्यांना ठाऊक होतं, मंडपातल्या गर्दीला नव्हतं. मुख्य द्रुइड, म्हणजे कवींच्या मंडळाचे प्रमुख, डिव्हेद यांनी सांगितलं की विजेता काही आठवड्यांपूर्वी लढाईत पडला. रिकाम्या खुर्चीवर काळं कापड पांघरलं गेलं. विजेत्याला मिरवत आणून बसवण्याचा सोहळा झालाच नाही. लोक उघड रडत होते.

त्या गर्दीत पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज होते. स्वतः वेल्शभाषक, आणि त्या युद्धाची सूत्रं ज्यांच्या हाती होती ते. त्या क्षणी त्यांच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे; पण हा प्रसंग सांगताना त्यांना वगळू नये.

१३ सप्टेंबरला खुर्ची त्राउसव्हनिदला पोचली. त्या खुर्चीला तेव्हापासून 'पेनबेदूची काळी खुर्ची' म्हणतात आणि तो मेळा 'काळ्या खुर्चीचा आयस्तेदवोद' म्हणून ओळखला जातो.

खुर्ची घडवली कुणी?

युजीन व्हानफ्लेटेरन. बेल्जियममधल्या मेखेलेन गावचा कारागीर. जर्मन फौजा आल्यावर निर्वासित होऊन बर्कनहेडला आलेला. ड्रॅगन आणि केल्टिक गाठींचं कोरीव काम त्याने इतकं अंगात मुरल्यासारखं केलंय की हा माणूस वेल्श नव्हता हे पटत नाही. बेल्जियममधून जीव वाचवून आलेल्या सुताराने ज्याच्यासाठी खुर्ची केली तो बेल्जियममध्येच पुरला गेला होता. एखाद्या लेखकाने असं रचलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

त्याच दिवशी आणखी एक कवी मेला असं ऐकलं. खरं आहे?

हो. आयर्लंडचा फ्रान्सिस लेडविज, मीथ परगण्यातल्या स्लेन गावचा, एकेकाळी रस्त्यावर मजुरी केलेला. जन्मसाल हेच, १८८७. त्याच ३१ जुलैला, त्याच भागात, रस्ता बांधण्याच्या कामावर असताना गोळ्याने मारला गेला. दोघेही बोझिंगजवळच्या आर्टिलरी वूड दफनभूमीत आहेत, एकमेकांपासून थोड्याशा पावलांवर. लेडविजला हेद विनची कविता वाचता आली नसती. एक वेल्शमध्ये लिहिणारा, दुसरा इंग्रजीत.

या भागाशी भारताचा काही संबंध?

हेद विनशी नाही, त्या जमिनीशी आहे. एप्रिल १९१५मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन इथे लढली, आणि ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकावर भारतीय शिपायांची नावं कोरलेली आहेत. भारतीय पायदळ १९१५च्या अखेरीस फ्रान्समधून हलवलं गेलं. मराठा पलटणींचा त्या युद्धातला मोठा इतिहास मेसोपोटेमियातला आहे. कुतच्या वेढ्यात सापडलेली सहावी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' म्हणूनच ओळखली जाते. तो विषय वेगळा आणि मोठा आहे, इथे कोंबत नाही.

'युद्ध' ही त्याची प्रसिद्ध कविता काय सांगते?

नाव 'ऱ्हवेल'. बारा ओळींची. मी माझ्या शब्दांत तिचा मथितार्थ देतो, भाषांतराचा दावा नाही. असल्या कडू काळात जगणं नशिबी आलं. देव दूर क्षितिजावर ओहोटीला लागलाय, आणि त्याच्या जागी राव असो की रंक, माणूस आपली कुरूप सत्ता उभारतोय. देव गेला असं कळताच भावाला मारायला त्याने तलवार उचलली; तिचा खणखणाट कानांत आहे आणि तिची सावली गरिबांच्या झोपड्यांवर. पूर्वी ज्यांवर गाणी वाजत त्या वीणा वाळुंजाच्या फांद्यांवर टांगल्यात. पोरांच्या किंकाळ्यांनी वारा भरलाय, आणि त्यांचं रक्त पावसात मिसळलंय.

वीणा झाडावर टांगण्याची प्रतिमा बायबलमधल्या १३७व्या स्तोत्रातली. प्रार्थनामंदिरात वाढलेल्या वाचकाला ती लगेच ओळखू येते. मला अडवते ती 'ओहोटी'. देव मेला असं तो म्हणत नाही, नाहीसा झाला असंही नाही. ओहोटीचं पाणी परत येतं. त्याने तो शब्द विचार करून घातला की छंदात बसला म्हणून, यावर वाद घालायला जागा आहे. कवितेत दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

पुस्तक आहे का त्याचं?

'केर्दिर बिगाइल', म्हणजे 'मेंढपाळाची गाणी'. १९१८ साली, त्याच्या पश्चात, परीक्षकांपैकी जे. जे. विल्यम्स यांनी संपादित केलं. त्याने स्वतःचं पुस्तक हातात धरलं नाही.

पुतळा, चित्रपट वगैरे?

त्राउसव्हनिदमध्ये ब्राँझचा पुतळा आहे, एल. एस. मेरिफील्ड यांनी केलेला. १९२३ साली त्याच्या आईने, मेरी एव्हान्स यांनी, त्याचं अनावरण केलं. पुतळ्यात तो शिपायाच्या वेषात नाही, मेंढपाळ म्हणून उभा आहे. युद्धानंतरच्या त्या दशकात गावोगावी हेल्मेट-बंदुकीतले पुतळे उभे राहत होते. या गावाने आपला पोरगा कसा लक्षात ठेवायचा ते वेगळं ठरवलं.

१९९२चा 'हेद विन' हा चित्रपट पॉल टर्नर यांनी दिग्दर्शित केला, पटकथा कवी ॲलन ल्हुइद यांची. परभाषिक चित्रपटांच्या ऑस्कर नामांकनात पोचलेला तो पहिला वेल्श भाषेतला चित्रपट. पाहाच.

त्याचं घर आहे का अजून? जाता येतं?

आहे, आणि जाता येतं. त्याला कारण घरातलीच माणसं. खुर्ची घरी आली त्या दिवसापासून लोक ती पाहायला येत राहिले. आजीने, म्हणजे एलिसच्या आईने, जेराल्डकडून वचन घेतलं होतं, दार उघडं ठेव. जेराल्ड विल्यम्स यांनी ते उभा जन्म पाळलं. शेती करता करता येणाऱ्या प्रत्येकाला ते आत घेऊन खुर्च्या दाखवत. तिकीट नव्हतं, पाटी नव्हती. २०१२ साली स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाने घर आणि शेत विकत घेतलं, डागडुजी केली आणि २०१७ साली, बरोबर शंभर वर्षांनी, ते पुन्हा खुलं झालं. जेराल्ड २०२१मध्ये गेले.

जाणार असाल तर आधी उघडण्याचे दिवस तपासा, रोज उघडं नसतं. छत्री न्या. अंगणातून दिसणारं मोठं तळं एलिसने पाहिलेलं नाही; ते १९२०च्या दशकात वीजनिर्मितीसाठी अडवलेलं पाणी आहे, आणि त्याच्या काठावरची बंद पडलेली अणुभट्टी तर त्याहून पुष्कळ नंतरची. त्याच्या वेळचं जे आहे ते घराच्या पाठीमागचा डोंगर आणि प्रसॉर नदी. तिच्यावर त्याची चार ओळींची कविता आहे, मराठीत साधारण अशी:

बोडक्या डोंगराच्या कडेला
जांभळा चंद्र तेवढा,
आणि जुन्या प्रसॉरचा आवाज
खोऱ्यात गाणारा.

आत बैठकीच्या खोलीत सगळ्या खुर्च्या मांडलेल्या आहेत. काळ्या खुर्चीवर बसू देत नाहीत, विचारू नका. स्वयंपाकघरातलं टेबल मात्र जरा वेळ काढून पाहा.